पाव टनाची कमान

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मी एक जुनी जीप विकत घेतली. शाळामास्तराने जीप घ्यावी हे मुळी गावालाच पटले नाही, मग घरच्यांना कोठून पटावे? कादंबरीच्या मानधनात ती आली, असे मी पत्नीला सांगितले. ते अर्धेच खरे होते. उरलेले अर्धे पतपेढीच्या खातेवहीत आहे. गाडी १९८७ सालची, डिझेलवर चालणारी, उंच नाकाची. पत्रा ठिकठिकाणी सडलेला, कापडी टपाला चार ठिगळे. परंतु किल्ली फिरवताच इंजिन सुरू झाले आणि मी भुललो.

खरे कारण आबांचे होते. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका सरकारी खात्यात तेहेतीस वर्षे जीप चालवली. १९८३ च्या पावसाळ्यात डोंगरमाथ्यावरच्या एका वाडीत त्यांची गाडी दरड कोसळल्यामुळे अडकली. साहेब दुसऱ्या दिवशी पायी उतरून गेले आणि गाडीपाशी आबा तेरा दिवस राहिले. ज्या घराने त्यांना तेरा दिवस भाकरी घातली, त्या घरच्या बाईला त्यांनी बहीण मानले. तेव्हापासून दर भाऊबीजेला आबा त्या वाडीत जात. पुढे आबांची पाठ गेली. डॉक्टरांनी कंबरेचे मणके झिजल्याचे सांगितले. वाडीचा शेवटचा चार मैलांचा रस्ता अजून दगडधोंड्यांचाच आहे. तेथे साधी मोटार चढत नाही आणि मोटारसायकलवर आबा बसू शकत नाहीत. आत्याबाई आता गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत. सहा भाऊबीजा अशाच गेल्या. आबा कधी बोलले नाहीत, पण त्या दिवशी ते दुपारी जेवत नसत, हे आम्हा सर्वांच्या ध्यानात आले होते.

जीप अंगणात उभी केली तेव्हा मला शाबासकीची अपेक्षा होती. आबा काठी टेकत बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या बाजूला जाऊन तिच्या लोखंडी पट्टीवर एक पाय ठेवून त्यांनी सगळा भार टाकला. गाडी तसूभरही हलली नाही.

"ह्यात पोती न्ये," ते म्हणाले, "मी न्हाय बसायचा."

आणि ते घरात निघून गेले.

येथून हा लेख सुरू होतो. कारण आबांच्या त्या पाय ठेवण्यात जीपचा सगळा इतिहास होता, हे मला पुढच्या दोन महिन्यांत कळत गेले.

कराडकडच्या हमरस्त्यावर कमानी नीट करणारे एक मिस्त्री आहेत. मालमोटारीच्या चालकांना त्यांचे दुकान पाठ असते. त्यांनी गाडी जॅकवर उचलली, चासीखाली घोड्या लावल्या आणि आस व कमान यांना आवळून धरणारे यू-बोल्ट सोडवायला घेतले. ते सुटेनात, तेव्हा कापले. कमान खाली आली ती एखाद्या लाकडी ओंडक्यासारखी. वाचकांपैकी ज्यांनी जीपखाली कधी डोकावले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पोलादाच्या लांबट, किंचित बाकदार पट्ट्या एकीवर एक रचून ही कमान होते. या पट्ट्यांना आमच्याकडे पाटे म्हणतात. सर्वांत लांब पाट्याच्या दोन्ही टोकांना वळवून डोळे केलेले असतात. एक डोळा चासीला अडकतो, दुसरा शेकल नावाच्या हलत्या दुव्याला, कारण भार पडला की कमान सपाट होते आणि सपाट झाली की लांब होते. त्याखालचे पाटे क्रमाने आखूड असतात. भाराचा ताण मध्यावर सर्वांत अधिक आणि टोकाकडे कमी. म्हणून मध्यावर पोलाद जास्त, टोकाला कमी. इतकी काटकसरीची रचना मला आमच्या स्वयंपाकघराबाहेर दुसरीकडे आढळलेली नाही.

माझ्या कमानीत दहा पाटे निघाले. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, ह्यातला एक आगंतुक आहे." खरोखरच, तळाशी दुसऱ्याच कुठल्या भारवाहू गाडीचा, जवळजवळ दुप्पट जाडीचा पाटा आधीच्या मालकाने घुसवला होता. गाडी उंच दिसावी म्हणून, की वीटभट्टीवर भार वाहण्यासाठी, देव जाणे. पाट्याची जाडी दुप्पट झाली की त्याचा ताठपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. त्यात बाकीचे नऊ पाटे गंजून एकमेकांना चिकटले होते. पाटे एकमेकांवरून घसरले पाहिजेत, ही या रचनेची पहिली अट. नऊ सुट्या पाट्यांचा ताठपणा नऊ धरला, तर तेच नऊ एकजीव झाल्यावर नऊ गुणिले नऊ गुणिले नऊ, म्हणजे ७२९ भरतो. हा अर्थात कागदावरचा हिशेब. गंजाने इतके पक्के सांधत नाही. पण आबांच्या पायाखाली गाडी का हलली नाही याचे उत्तर त्यात मिळाले.

कमान हा शब्द फारसी, अर्थ धनुष्य. आपण तो वाड्याच्या दाराला लावला, घड्याळाला लावला आणि गाडीलाही. युरोपात मात्र गाडीला कमान लागायला फार वेळ लागला. हंगेरीत कोच नावाचे एक खेडे आहे. तेथे बनणाऱ्या गाड्यांवरून त्या वाहनाला कोच हे नाव पडले, आणि आपल्याकडे आलेला कोचमन त्या खेड्याचे नाव मिरवत आला. त्या जुन्या कोचगाड्यांची बैठक चामड्याच्या वाद्यांवर टांगलेली असे, म्हणजे प्रवासी पाळण्यात बसल्यासारखा हेलकावे खाई. पोलादाची स्प्रिंग लावून पाहण्याची खटपट सतराव्या शतकात सुरू झाली. १ मे १६६५ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीचे काही सभासद एका कर्नलच्या घरी अशा गाड्यांचे प्रयोग पाहायला गेले होते. सॅम्युएल पेप्स याने आपल्या दैनंदिनीत त्याची नोंद केली आहे, आणि त्या मंडळींत रॉबर्ट हूक होता. हाच तो हूक, ज्याचा नियम आपण शाळेत शिकवतो: जेवढा भार तेवढा ताण. या गृहस्थाने १६७६ साली तो नियम अक्षरांची उलथापालथ करून कोड्याच्या रूपाने छापला, म्हणजे शोध आपल्या नावावर राहावा आणि कोणाला कळूही नये. उत्तर दिले ते १६७८ साली. आमच्या नववीच्या मुलांना ही गोष्ट सांगितली तेव्हा नियमापेक्षा कोड्याचाच आनंद त्यांना अधिक झाला.

पुढे १८०४ साली लंडनमधल्या ओबडाया इलियट नावाच्या गाडीकाराने पाट्यांची जोडकमान, म्हणजे दोन धनुष्ये तोंडाला तोंड लावून, गाडीखाली बसवण्याचे पेटंट घेतले. गाडीच्या पोटाखालचा जड लाकडी कणा त्यामुळे नाहीसा झाला आणि गाडी हलकी झाली. मुंबईची व्हिक्टोरिया या घराण्यातली. २०१५ साली उच्च न्यायालयाने तिला बंदी केली, ती घोड्यांच्या हालांमुळे. प्रवाशाची तक्रार तिच्याविरुद्ध कधी नव्हती. आमच्या लहानपणी बाजारच्या गावाला टांगे होते. त्यांनाही पाट्यांची कमान असे. बैलगाडीला ती नसे. शेतकरी टांग्यातून उतरून बैलगाडीत बसला की त्याची हाडे त्याला जातपात समजावून देत, असे आमच्या आजोबांचे म्हणणे होते.

सांगण्याचा मुद्दा हा की दीड-दोन शतके ही सगळी विद्या बसणाऱ्या माणसाच्या सुखासाठी राबली. मोटार आली तेव्हा तिने बग्गीची कमान जशीच्या तशी उचलली. १९३४ साली अमेरिकेतल्या मोठ्या मोटारींनी पुढच्या चाकांची कमान सोडून प्रत्येक चाक वेगवेगळे झुलवण्याची पद्धत घेतली, आणि कमान आता मालमोटारीपुरती उरणार असे दिसू लागले.

आणि मग जीप आली.

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यावर अमेरिकेच्या सैन्याने १३५ कारखान्यांना पत्रे धाडली: चारही चाकांना जोर असलेली, लहान, हलकी टेहळणीची गाडी हवी, आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हवा. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या डबघाईला आलेल्या कारखान्याने ते आव्हान घेतले. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने दोन दिवसांत सगळे आराखडे काढले. २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपायला अर्धा तास असताना, गाडी मेरीलँडमधल्या होलाबर्ड येथील लष्करी तळावर पोहोचली. अशा घाईत नवी झुलण कोण शोधत बसणार? दोन अखंड आस, त्यांवर चार कमानी. हाती होते ते लावले, आणि ते टिकले. पुढे विलीज कंपनीची गाडी वजनाच्या मर्यादेत बसेना, तेव्हा तिचा मुख्य अभियंता बार्नी रूस याने बोल्टांची फाजील टोकेसुद्धा छाटली आणि रंगाचा थर पातळ केला. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बाहेर पडल्या.

सैन्याच्या वहीत तिचे नाव जीप नव्हते. तेथे ती 'पाव टन ट्रक' होती. कमानी त्या पाव टनासाठी केलेल्या; दारूगोळा, तारायंत्र, जखमी माणूस, मागे ओढायची तोफ. भरलेली असेल तर गाडी चांगली चाले. रिकामी असेल तर उडे. कमान तीच आणि वरचे ओझे कमी झाले की हेलकाव्यांचा वेग वाढतो, हा हूकच्या नियमाचाच पुढचा भाग. माणसाच्या धडाला सेकंदाला चार ते आठ या वेगाचे उभे हादरे सर्वांत जास्त बाधतात, असे पुढे मोजमापाने ठरले. सुखाची मोटार सेकंदाला एक-दीड हेलकाव्यांवर बेतलेली असते. ताठ कमानीची रिकामी जीप यांच्या मध्ये कोठेतरी, आणि वाईट रस्त्यावर वाईट बाजूला.

याचा दाखला युद्धकाळातच मिळाला, आणि तो घरातल्या सर्वांसमोर सांगायला थोडा अवघड आहे. माकडहाडाजवळ होणाऱ्या एका चिवट गळवाने अमेरिकेचे सुमारे ८०,००० सैनिक इस्पितळात पडले. १९४४ साली लुई बुई या डॉक्टरने त्या दुखण्याला चक्क 'जीपरोग' म्हटले. नंतरच्या वैद्यांनी सगळा दोष जीपला देणे सोडले; केस, घाम, तासन्‌तास बसणे अशी इतरही कारणे निघाली. तरी नाव राहिले. शत्रूच्या गोळीने नव्हे, स्वतःच्या बैठकीने घायाळ झालेल्या त्या ऐंशी हजारांचे स्मारक कोठे असल्याचे माझ्या वाचनात नाही.

आपल्याकडे जीप रुजली ती मुंबईत. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्र अँड महंमद' अशी पेढी निघाली होती. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे १९५१ साली गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ साली पेढीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. विलीजचे सुटे भाग आणून माझगावात जीप जोडण्यास सुरुवात झाली ती याच सुमारास. जुन्या गाडीच्या गिऱ्हाइकाने लक्षात ठेवावी अशी एक हकिकतही त्याच काळातली आहे. १९४८ साली काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधून दुरुस्त केलेल्या जुन्या जीपा सुमारे ८० लाखांच्या करारात घेण्याचे ठरले. हाती आल्या १५५, आणि त्याही चालेनात. संसदेत गदारोळ झाला, चौकशी झाली, आणि १९५५ साली सरकारने ते प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. माझी पत्नी ही गोष्ट ऐकून म्हणाली, "म्हणजे सरकारही भुलतं म्हणायचं." मी विषय बदलला.

माझी जीप ज्या घडणीची, ती उंच नाकाची गाडी अमेरिकेत टोलेडो येथे १९५३ साली निघाली आणि १९६८ साली तिकडे बंद पडली. आपल्याकडे तिचे वंशज पुढे कित्येक दशके निघत राहिले. कारण येथे तिला नवे काम मिळाले होते. १९५२ साली समुदाय विकास योजनेतून विकासगट निघाले, १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, आणि लढाईचा पाव टन ट्रक साहेबांची गाडी झाला. धूळ उडाली की खेड्यात कळे की सरकार येत आहे. सरकार म्हणजे पुढच्या डाव्या जागेवरचे साहेब. उजव्या जागेवर आबा. दारूगोळा नाही, तारायंत्र नाही. मागे दोन फायली आणि एक शिपाई. अमेरिकेतल्या सैनिकाने चार वर्षे जे सोसले ते आमच्याकडच्या चालकांनी तीस-तीस वर्षे सोसले. साहेबांची तीन वर्षांनी बदली होई. चालकाची जागा तीच.

मी हे सगळे वाचून आबांना सांगितले तेव्हा ते हसले. म्हणाले, "आम्हाला बी कळत हुतं. रिकामी निघाली की मी मागं वाळूची दोन पोती टाकायचो. साहेब म्हणायचे, डिझेल जास्ती जातं. मग उतरवायची. साहेब बदलला, की पुन्यांदा टाकायची."

हूकला अक्षरांचे कोडे घालावे लागले. आबांनी वाळू घातली.

मिस्त्रींच्या दुकानात मग वाद झाला. माझ्या एका तरुण सहकाऱ्याचे मत होते की आता निघतातच तर नव्या जाड कमानी घालाव्यात, गाडी चार इंच उंच होईल, डोंगरावर शोभेल. तशा गाड्या हल्ली पुष्कळ दिसतात. मिस्त्रींनी मला एवढेच विचारले, "गुरुजी, हिच्यात काय न्यायचंय?"

मी म्हणालो, "वडिलांना."

"मग आगंतुक काढू. आणि आत बघू काय काय आहे."

आगंतुक काढला. नऊ पाटे सुटे करून घासले, तेव्हा मुख्य पाट्याला डोळ्याजवळ केसाएवढी चीर दिसली. आबांचा पाय त्या दिवशी खोटे बोलला नव्हता, पण ही चीर त्यांनाही दिसली नसती. घाटात पाटा तुटला असता तर आस बाजूला सरकून गाडी कोठे गेली असती याचा विचार मी अजूनही करत नाही. मुख्य पाटा नवा घेतला. बाकीचे बसले होते, म्हणजे त्यांचा बाक गेला होता. पुष्कळ दुकानांत असे पाटे थंडेच ठोकून वाकवतात. ते चार महिन्यांत पुन्हा बसतात. मिस्त्रींनी भट्टी लावली. पाटा सगळीकडे सारखा लाल झाला की साच्यावर धरून बाक द्यायचा, आणि लगेच तेलात बुडवायचा. पाण्यात बुडवला तर काचेसारखा तडकतो. तेलातून निघालेला पाटाही फार कडक असतो, म्हणून पुन्हा मंद आच देऊन त्याचा कडकपणा उतरवायचा. हे शेवटचे काम मिस्त्री संध्याकाळी करत, उजेड कमी झाला की पोलादाचा रंग नीट कळतो म्हणून. आच सगळीकडे सारखी आहे की नाही हे ते मान तिरकी करून पाहत. मी प्रश्न विचारला तर उत्तर देत नसत. मास्तरला इतका वेळ गप्प बसण्याची सवय नसते.

मग पाट्यांच्या मध्ये ग्रॅफाइटचे वंगण, नवा मधला बोल्ट, नवे यू-बोल्ट, डोळ्यांत नवे रबरी बुश. बुशांचे बोल्ट मात्र त्यांनी ढिलेच ठेवले आणि गाडी घोड्यांवरून उतरवून चाकांवर उभी केल्यावर, तिचा भार कमानीवर आल्यावर, आवळले. अधांतरी असताना आवळले तर रबर पिळलेल्या स्थितीत अडकते आणि लवकर फाटते. धक्के शोषणारी चार नळकांडीही नवी बसवली. त्यांना आमच्याकडे शॉकअप म्हणतात. खर्चाचा आकडा येथे देत नाही. हा अंक घरीही वाचला जातो.

जीप घरी आली ती पूर्वीपेक्षा दोन बोटे ठेंगणी. सहकारी नाराज झाला. आबा बाहेर आले. फेरी मारली नाही, थेट मागे गेले आणि पाय ठेवला. गाडी खाली गेली, वर आली, अर्धी पुन्हा खाली गेली आणि थांबली. आबांनी पाय काढला, पुन्हा ठेवला. मग म्हणाले, "वाळू हाय का?"

भाऊबीजेच्या सकाळी मागे वाळूची दोन पोती टाकली. वर फराळाचा डबा, आत्याबाईंसाठी लुगडे. मी चालकाच्या जागी बसलो. आबा सवयीने उजव्या बाजूला आले, मला पाहून थांबले, आणि गाडीला वळसा घालून डावीकडे गेले. तेहेतीस वर्षांत त्या जागेवर ते कधी बसले नव्हते. बैठकीवर त्यांनी आधी हात फिरवला, मग बसले.

डांबरी रस्ता संपला. पहिल्या ओढ्यात मी गाडी फार जपून घातली. आबांच्या तोंडाकडे पाहायचे धाडस होईना, म्हणून कंबरेला लावलेल्या त्यांच्या हाताकडे पाहत होतो. दुसऱ्या चढावर तो हात कंबरेवरून निघून समोरच्या दांडीवर गेला आणि तेथेच राहिला. पुढे वळणे सुरू झाली. प्रत्येक वळणाच्या आधी आबांचा डावा पाय रिकाम्या पत्र्यावर क्लच शोधत होता.